जमुनेचा कान

लाकूड फुटायच्या आधी बोलतं. ज्यानं जन्मभर नुसतं सरपण फोडलं त्याला हे ठाऊक नसतं, कारण सरपण कसंही फुटलं तरी जायचं चुलीतच. पण पिंजाऱ्याच्या कमानीसाठी धामणीच्या झाडाचा ओंडा फोडायचा असला, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. साजखेडच्या सूर्यभान सुताराच्या घरी हे ऐकायचं काम बाईकडे असे. पुरुषानं घाव घालायचा, बाईनं कान द्यायचा. हत्याराला बाईनं हात लावायचा नाही, आणि कानाच्या कामात पुरुषानं तोंड घालायचं नाही, असा त्या घराचा नेम होता.

साजखेड म्हणजे परतवाड्याच्या वरच्या अंगाला, मेळघाटचा डोंगर जिथे पाय पसरून बसतो तिथलं पंचवीस घरांचं गाव. अचलपूरला तेव्हा एलिचपूर म्हणत. तिथले पिंजारी कमानीच्या लाकडासाठी याच घरी येत. कमान म्हणजे लढाईची नव्हे हो, कापूस पिंजायची. पुरुषभर लांब, तिला आतड्याची ताणलेली तात. तातीवर ठोका पडला की ती धुन्‌ धुन्‌ वाजते आणि खाली कापसाचा ढग होतो. दिवसभर थरथरायचं म्हटल्यावर तिचं लाकूड करवतीनं कापून चालत नाही. लाकडात उभा दोरा असतो. करवत तो दोरा तोडत जाते, आणि दोरा तुटलेली कमान वर्षाच्या आत मोडते. म्हणून ओंडा फोडायचा. फोडला की चीर आपसूक दोऱ्याच्या वाटेनं जाते.

तीही सुखासुखी जात नाही. ओंडा ओला असतानाच बुडाकडे लोखंडी पाचर ठेवायची आणि वर मोगरीचा, म्हणजे जड लाकडी हातोड्याचा घाव. चीर पडली की पुढे बाभळीची पाचर, तिच्या पुढे आणखी एक. आधी दोन फाकी करायच्या, मग चार, आणि शेवटी प्रत्येकीतून कमानीजोगं एकेक फाळकं काढायचं. मेख सारी एकाच गोष्टीत. घाव पडल्यावर चीर आतल्या आत सरकत असते, बाहेरून काही दिसत नाही. ती सरकत असतानाच दुसरा घाव पडला तर ती वाट सोडून कडेला पळते. त्याला ‘फाट पळाली’ म्हणत. पळालेली फाट परत येत नाही. म्हणून बाईनं ओंड्याच्या दुसऱ्या टोकाला कान लावून बसायचं. आत बारीक कर्रर्र चालू झालं की म्हणायचं ‘थांब’. गप्प झालं की म्हणायचं ‘हं’. एवढंच.

जमुना त्या घरात आली ती कानावरच. मुलगी बघायला सूर्यभानची आई पार्बताबाई स्वतः गेली होती. तिनं ना पोरीची चाल बघितली, ना तिच्या हातची भाकरी चाखली. इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसली, आणि बहिणीला आधीच शिकवून ठेवलं होतं त्याप्रमाणे बहिणीनं पलीकडच्या खोलीत जाऊन मातीवर हरभऱ्याचा एक दाणा टाकला. पोरगी बोलता बोलता थबकली. म्हणाली, “आत काय पडलं वो?” पार्बताबाईनं तिथल्या तिथे साखर मागवली.

तो काळ असा की बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि काही विचारायचं तर दाराआडून विचारी. पण ओंड्याजवळ ‘अवो, जराक थांबता काय’ म्हणायला सवड नसते, तेवढ्यात फाट पळते. म्हणून जमुना सरळ ‘थांब’ म्हणे आणि सूर्यभान थांबे. मोगरी डोक्यावर गेलेली असली तरी तिथेच थांबे. एलिचपूरचा म्हातारा बुढन पिंजारी फाळकी न्यायला आला की हे बघत बसे.

“सूर्यभान, म्या चाळीस वर्सं बायकोले थांब म्हनलं, ते काई थांबत नाई. तू तं एका शब्दात थांबतं बाप्पा!”

“तुमी तिले ओंड्यावर बसवत जा, चाचा,” सूर्यभान म्हणे.

जमुना हसे ती कान न उचलता. ओंड्यातून सूर्यभानच्या घावाचा धक्का थेट तिच्या गालापर्यंत येई. एक, मग शांत, मग दुसरा. लग्नाला चार वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं, आणि दोघं एकमेकांशी फारसं बोलतही नसत. जे बोलायचं ते त्या ओंड्यातून बोलून होई. संध्याकाळी पार्बताबाई सुनेच्या गालावरचा लाल वळ बघे आणि म्हणे, “आज लय बोलले म्हन्याचे दोघं.”

मग सातासमुद्रापार कुठेशी एकाच घरच्या दोन भावांत लढाई जुंपली, आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला. भांडण त्यांचं, उलथापालथ वऱ्हाडात. कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारीच्या वावरात सरकी टोचली. गाद्या उसवल्या, उश्या उसवल्या, आतला जुना काळा पडलेला कापूससुद्धा बाजारात नेला. देवापुढच्या वातीलाही हात आखडू लागला. ज्या मुलखात कापसाचे ढीग आभाळाला लागले, तिथे त्या हिवाळ्यात एकही नवी गादी भरली गेली नाही. सोन्यावर कोण झोपतो?

एलिचपूरची पिंजारआळी मुकी झाली. बुढन एक दिवस आला तो रिकाम्या हातानं, आणि रिकामाच जायला निघाला.

“चाचा, फाळकी तयार हायेत,” सूर्यभान म्हणाला.

“हायेत तं हायेत. पिंजू काय, माही दाढी?” बुढन म्हणाला, आणि नेहमीसारखा हसला नाही.

फाल्गुनात खुशालराव नावाचा माणूस गावात उतरला. अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी एका व्यापाऱ्यानं बैलबंड्या बनवायचा मोठा वाडगा, म्हणजे कुंपणाचं आवार, घातला होता, त्यावरचा हा मुकादम. आगगाडी अजून अकोल्यापर्यंत आली नव्हती. सारा कापूस बैलबंड्यांनी पश्चिमेकडे जाई, आणि एवढ्या ओझ्यानं बंड्यांचे आस रोज मोडत. लाकडातलं कळणारा जो दिसेल त्याला खुशालराव उचलत होता. सूर्यभानचा हात त्यानं नुसता दाबून बघितला आणि म्हणाला, “चल.”

घरात दाणे संपत आले होते. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

त्या दिवशी अंगणात एक ओंडा अर्धा फुटलेला होता. धामणीचा, सरळ, एकही गाठ नसलेला. वर्षातून असा एखादाच हाती लागतो. गिऱ्हाईक नसतानाही सूर्यभाननं तो फोडायला घेतला होता, हाताला राहवत नव्हतं म्हणून. चीर मधोमध आली होती आणि तिच्यात पाचर रुतलेली होती. जाताना तो ओंड्याकडे बघून बोलला, जमुनेकडे नाही.

“पाचर काढू नोको. वाळू देऊ नोको. आखाजीले येतो, मंग पुरा करू.”

जमुनेनं मान हलवली. खुशालरावाची बंडी नाल्यापाशी वळली, बैलांच्या घुंगरांचा आवाज खाली उतरला, पलीकडे चढला, आणि आमराईच्या मागे गेला. इतरांना तो तिथे संपला. जमुनेला आणखी बराच वेळ येत राहिला.

ओला ओंडा वाळला की टोकांना भेगा पडतात आणि तो कमानीला मुकतो. म्हणून जमुनेनं अंगणात खड्डा केला, ओंडा त्यात निजवला, टोकांना शेणामातीचा लेप दिला, वर गोणपाट टाकलं, आणि सकाळ-संध्याकाळ दोन दोन घागरी पाणी. चैत्र लागला तशी विहीर खोल गेली, तरी ओंड्याच्या घागरी चुकल्या नाहीत. पाणवठ्यावर बायका हसत.

“काहो जमुनाबाई, ओंडा पायला म्हन्ते तुमी? दूध किती देते?”

“तुमच्या म्हशीपेक्षा जास्त,” जमुना म्हणे. हजरजबाबी होती ती. घागर डोक्यावर चढली की मात्र चेहरा उतरे.

वैशाखातली आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, झाडांना झोके बांधले गेले, पितरांच्या घागरी भरल्या. जमुना दिवसभर कामात होती, पण ताटात वाढताना तिचा हात मध्येच थांबे. आखाजी गेली. सूर्यभान आला नाही. एका धुरकऱ्याच्या हाती, म्हणजे बंडी हाकणाऱ्याच्या हाती, हिरवं लुगडं आलं आणि निरोप आला की काम लय आहे. जमुनेनं लुगडं पेटीत ठेवलं आणि धुरकऱ्याला एवढंच विचारलं, “फोडून राह्यले काय तिकडं?”

“कोनाले सवड हाये फोडाले, बाई? खड्ड्यात उतरते अन् करवत वढते. एक वरून, एक खालून. सूर्यभान खालचा.”

करवत म्हटलेलं जमुनेला लागलं. बाई ठेवली असं सांगितलं असतं तरी एवढं लागलं नसतं. बाईशी निदान बोलावं तरी लागतं.

पार्बताबाईची जीभ या दिवसांत फार चाले. तिचाही जीव लेकात होता, पण तो ती चिडण्यातून काढी. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, “दिवसभर नवऱ्याले थांब म्हनत होती. जाताना कावून नाई म्हनली?”

जमुनेनं भाकरी परतली. दुसरी थापली. तिसरीही थापून झाली, तेव्हा म्हणाली, “तवा कोनी विचारलं नाई, आत्याबाई, मले काय आयकू येते म्हनून.”

पार्बताबाईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

पावसाळ्यानं ओंडा सांभाळला. पण भादवा सरला, ऊन कडक पडलं, आणि एका सकाळी लेप पडलेला दिसला. टोकाला केसासारख्या तीन भेगा होत्या. आता फोडला नाही तर गेला. सूर्यभानचा धाकटा भाऊ देवीदास शेजारीच वेगळा राहायचा. तो सुतारकी करी, पण नांगर-वखराची. हात जड, मन चांगलं. म्हणाला, “वयनी, मी हानतो. तुमी सांगा तसा हानतो.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओंडा खड्ड्यातून वर काढला. सात महिन्यांनी जमुना कान लावून बसली. लाकूड गार होतं, त्याला शेवाळाचा वास होता. देवीदासनं घाव घातला. गालाला धक्का बसला, पण परक्या माणसानं दार ठोठावल्यासारखा. दुसरा घाव, तिसरा. लाकूड बोलू लागलं. ‘थांब’ म्हटलं की देवीदास थांबे, ‘हं’ म्हटलं की हाणे. बिचारा घामाघूम होऊन सारं नीट करत होता. चीर पाऊण वाटेवर आली.

आणि आमराईच्या मागे घुंगरं वाजली.

बाकी कोणाला ती ऐकू आली नसती. जमुनेला आली. एक कान ओंड्याला होता, दुसरा उघडा. उघडा कान गेला रस्त्यावर. बंडी नाल्यात उतरते की सरळ जाते? उतरते. बैल दोन. एकाचं घुंगरू फुटकं. चढते आता... आणि बंडी चढून गावाबाहेरच्या वाटेनं निघून गेली. तेवढ्यात ओंड्यात काहीतरी करकरून गेलं होतं, आणि त्यावर देवीदासचा घाव पडला होता.

फाट पळाली. ओंड्याच्या दोन फाकी झाल्या खऱ्या, पण एक शेंड्याकडे काठीसारखी निमुळती, सरपणाच्या लायकीची. दुसरी जाड राहिली.

“वयनी, तुमी काई बोलल्याच नाई!” देवीदास रडवेला झाला.

“तुमचं काई चुकलं नाई, भाऊ,” जमुना म्हणाली, आणि जाड फाक गोणपाटात गुंडाळायला लागली.

पार्बताबाईनं दारातून सारं बघितलं होतं. ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर सुनेजवळ येऊन बसली.

“कुठी होता कान?”

“रस्त्यावर.”

म्हातारी पायाचा अंगठा दाबू लागली. “माहा बी गेलता एक वार. तुहा सासरा बुऱ्हानपूरले राह्यला होता सा महिने, तवा. आख्खा ओंडा गेला. म्या सांगितलं, गाठ होती म्हनून.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघी एकत्र हसल्या.

मार्गशीर्षात बुढन आला, आणि या खेपेला काम घेऊन आला. अकोल्याच्या एका धनवान घरी लगीन होतं आणि बारा गाद्या भरायच्या होत्या. ज्यांच्याकडे कापसाचे डोंगर, त्यांनाच आता कापसावर झोपणं परवडत होतं. पण वर्षभर टांगून राहिलेली बुढनची कमान उन्हानं चिरली होती.

“एक फाळकं दे, बेटी.”

“फाक हाये. फोडाची हाये अजून.”

“मंग देवीदासले सांग.”

“नाई.”

“दुसरा कोनी?”

“नाई, चाचा.”

बुढननं पार्बताबाईकडे बघितलं. पार्बताबाई उठली आणि आपलं जाड लुगडं झटकत म्हणाली, “चाचा, बंडी रिकामीच जाते ना तुमची? फाक टाका तिच्यात. सुनेले टाका. अन् सून एकटी कशी जाईन, म्हनून मले बी टाका.”

अंजनगाव, अकोट करत चौथ्या दिवशी अकोला. वाटभर कापसाच्या बंड्यांची रांग, धुळीत बैलांची शिंगं तेवढी दिसत. दोन्ही बाजूंच्या बाभळींनी बंड्यांमधला कापूस ओरबाडून घेतला होता आणि काट्याकाट्यावर पांढरे झुबके लोंबत होते. पार्बताबाई चालत्या बंडीतून हात काढून ते झुबके तोडी आणि ओटीत भरी.

“बाभयीले जे भेटलं ते आमाले नाई भेटलं बाप्पा,” ती म्हणे. बुढन हसून बैल हळू हाकी, तिला तोडता यावं म्हणून. जमुना मागे बसून होती, फाकेवर हात ठेवून. दर मुक्कामाला ती गोणपाट भिजवी. चौथ्या दिवशी मात्र तिनं पेटीतून बरोबर आणलेलं हिरवं लुगडं नेसलं. म्हातारीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

वाडग्यात लाकडांचे ढीग आणि माणसांची गर्दी. मधोमध लांब खड्डा, वर आडवा ओंडा, एक माणूस वर उभा, एक खाली. करवत खाली-वर, खाली-वर. ना कोणी थांब म्हणत होतं, ना हं. खालचा माणूस वर आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर, मिशांवर भुसा होता. जमुनेनं त्याला पायांवरून ओळखलं. ओंड्याला कान लावून चार वर्षं तिनं पायच बघितले होते.

पार्बताबाई पुढे झाली. “तुही आखाजी झाली काय रे बाप्पा?”

सूर्यभाननं खाली वाकून आईचे पाय धरले. मग जमुनेकडे, म्हणजे तिच्या लुगड्याच्या काठाकडे बघत म्हणाला, “ओंडा?”

“अर्धा गेला. अर्धा आनला.”

खुशालरावानं कपाळाला आठ्या घातल्या. “अर्धं लाकूड घेऊन चार दिवसाच्या वाटेनं आले? मी करवतीनं दोन घडीत चिरून देतो!”

“मुकादम,” बुढन म्हणाला, “तुमी चिरलेली कमान मधीच मोडली अन् नवरदेव भुईवर झोपला, तं नाव तुमचं सांगू?”

माणसं हसली. खुशालरावही हसला आणि दुपारच्या भाकरीपुरती सुट्टी दिली.

फाक जमिनीवर ठेवली. सूर्यभाननं कुठूनशी मोगरी आणली, हातात तोलून बघितली. जमुना गुडघे टेकून बसली, पदर सावरला, आणि कान लावला. पहिला घाव पडला.

तो तिच्या गालात आला, आणि तिनं डोळे मिटले. हाच. यालाच ती नऊ महिने पाणी घालत होती.

“हं.”

दुसरा. बघणाऱ्यांच्या भाकरीचे घास हातातच राहिले होते. चीर सरळ चालली होती. “हं.” तिसरा. लाकूड बोललं, बारीक, खोल, अगदी तिच्या कानाच्या पाळीपर्यंत.

“थांब.”

आणि एक घाव पडला.

मग थांबला. मोगरी दुसऱ्यांदा उचलली होती ती वर तशीच राहिली. पण एक पडून गेला होता. चीर बोटभर कडेला सरकली. फार नाही. एक फाळकं चोख निघालं, दुसरं शेंड्याकडे बारीक.

बुढननं चोख फाळकं उचलून डोळ्याशी धरलं. “मले एकच पायजे होतं,” तो म्हणाला, आणि माणसांना उगाच दूर हाकलत, पार्बताबाईला मोर्णेचं पाणी दाखवतो म्हणत घेऊन गेला.

दोघंच राहिले. सूर्यभान मोगरीवरचा भुसा पुसत राहिला. भुसा नव्हताच.

“हात चुकला,” तो म्हणाला. “करवतीले थांब नसते. वरचा वढते, मी वढतो. दिवस जाते.”

“माहा कान बी चुकला. तुमच्या भावानं हानलं तवा. रस्त्यावर बंडी वाजली.”

त्यानं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. “कोनाची बंडी?”

“कोनाची का असंना. तुमची नोती.”

ढिगाआडून खुशालरावाची हाक आली. सूर्यभान घाईनं म्हणाला, “इथंच राहतं काय? खोली भेटन.”

जमुनेनं वाडग्याकडे एकदा सगळीकडे बघितलं. खड्डा, करवत, आसांची रास. “इथं मले काय काम?”

“मंग... आखाजीले...”

“आखाजीचं नोका म्हनू,” ती म्हणाली. “यायचं तवा या.”

परतीच्या वाटेवर पार्बताबाईनं विचारलं, “थांबला का?” जमुना म्हणाली, “थांबले.” ते खोटं नव्हतं.

सूर्यभान आला तो त्यानंतर दीड वर्षानं. परमुलखातले ते भाऊ लढून लढून थकले, कापसाचा भाव एका महिन्यात कोसळला, वाडग्यातले आस पडून राहिले, खुशालराव कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. जेठात एका दुपारी सूर्यभान पायी आला. दारात जमुना दळण निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पाणी आणून दिलं, आणि पुन्हा सूप उचललं. हात मात्र बराच वेळ एकाच दाण्यापाशी होता.

कापूस स्वस्त झाला तसे लोक पुन्हा गाद्या भरू लागले. पिंजारआळी वाजू लागली, बुढन फाळकी मागायला आला. थंडीत डोंगरातून धामणीचे नवे ओंडे खाली आले. सूर्यभाननं मोगरी घेतली, जमुनेनं कान लावला. ‘थांब’ म्हटलं, आणि एक घाव पडला. दुसऱ्या ओंड्यालाही तेच. करवतीनं त्याच्या हाताला जे शिकवलं होतं ते काही केल्या जाईना. तो स्वतःवर चिडे, मोगरी फेकून देई, दिवसभर भाकरी खात नसे. “माहा हात गेला,” म्हणे.

तिसऱ्या ओंड्याला जमुना कान लावून बसली. घाव मोजले नाहीत, लाकूड बोलायची वाटही बघितली नाही. पुढच्या घावाला ते बोलणार असं तिला आतून वाटलं, तेव्हाच, एक घाव आधी, ती म्हणाली, “थांब.”

एक घाव पडला. मग हात थांबला. आणि मग लाकूड बोललं, शांतपणे, शेवटपर्यंत, सुतासारखं सरळ.

सूर्यभाननं दोन्ही फाकी उचलून उन्हात धरल्या. एवढा मोठा माणूस अंगणात नाचायचा बाकी राहिला. “पाह्य वो पाह्य! आला माहा हात वापस!”

“आला,” जमुना म्हणाली.

पुढे वीस-बावीस वर्षं त्यांनी ओंडे फोडले. एलिचपुरात सांगत की सूर्यभानसारखा हात नाही. त्यालाही तसंच वाटे, आणि जमुनेनं त्याला कधी काही सांगितलं नाही. पार्बताबाईला कळलं असावं. मरायच्या आधी एकदा ती सुनेच्या गालावरून हात फिरवून म्हणाली होती, “घाईनं बोलतं वो तू आताशा.” पण तिनंही ते कोणाला सांगितलं नाही.

कधी कधी काम उरकून जाई. फाळकी भिंतीला लागलेली, सूर्यभान ओट्यावर चिलीम पेटवून बसलेला, आणि जमुना मात्र उरलेल्या ढलप्याला कान लावून तशीच.

“अजून बोलून राह्यलं काय?” तो विचारी.

“नाई,” ती म्हणे. “गप हाये.” पण आणखी थोडा वेळ बसून राही.